बिडाची झडप

हे घडलं ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली. बहात्तरच्या दुष्काळात ज्या माणसांनी खडी फोडून दिवस काढले, तीच माणसं आता पाणी फार झालं म्हणून कुरकुरत होती. त्या साली कृष्णा गावात शिरली नाही. घाट बुडवून, खालच्या बोळांच्या तोंडाशी येऊन माघारी गेली. आमच्या घरात मात्र पाणी झालं. ते नदीचं नव्हतं, आमचं आमचंच होतं. म्हणून लिहिते आहे.

आमचं घर सांगलीत, गावभागातून नदीकडे उतरणाऱ्या बोळात. माझे यजमान कृष्णात सैन्यातून हवालदार होऊन परतले आणि त्यांनी ही जागा घेतली. जागा स्वस्तात मिळाली, कारण ती रस्त्यापेक्षा पुरुषभर खाली होती. भर टाकण्यापेक्षा त्यांनी त्या खोलगटातच एक मोठी खोली बांधली आणि तिच्या डोक्यावर घर उभं केलं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते बैठं घर वाटे. आतून जिना उतरलं की तळघर लागे. त्याच्या दोन झरोक्यांतून रस्त्याने जाणाऱ्यांच्या वहाणा तेवढ्या दिसत.

त्या तळघरात माझ्या मोठ्या नणंदेचं, मनुवन्संचं, शिवणकाम चाले. वन्संना पाटणला दिलं होतं. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी आणली, आणि दुसरीच्या हाताखाली राबायला नको म्हणून ह्या माहेरी निघून आल्या. माहेर म्हणजे पलूस. तिथे थोरले दीर लालासाहेब उसाची शेती बघत. चार वर्षं वन्संनी त्यांच्याकडे शेणघाण काढली, भाकऱ्या थापल्या, आणि तरी शालूबाई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की बसून खाणारं माणूस पोसायला पडलंय. शेवटी सासूबाईच, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, लेकीला घेऊन आमच्याकडे सांगलीला राहायला आल्या. येताना गळ्यातली मोहनमाळ मोडून शिवणाचं मशीन घेतलं. लालासाहेबांना हे कळलं तेव्हा ते महिनाभर आईशी बोलले नाहीत.

वन्संचा हात बसला. आधी पोलकी, मग बोळातल्या पोरांच्या चड्ड्या, आणि त्या साली एका शाळेचं काम मिळालं. पंधरा ऑगस्टच्या कवायतीला पोरांना पांढरे सदरे, खाकी चड्ड्या आणि पोरींना निळे स्कर्ट. दुसरं मशीन आलं. कापडाचे तागे, कापलेले तुकडे, शिवून झालेले गठ्ठे असं सगळं सतरंजीवर मांडून वन्सं पहाटेपासून मशिनीवर बसत. मान वर न करता झरोक्यातल्या चपला बघून कोण चाललंय ते सांगत. आम्ही हसायचो. चाळिशीच्या पुढे त्या पहिल्यांदा अंगाने भरल्या.

पण पाटणहून दोनदा निरोप येऊन गेला होता. दुसरी आजारी असे, आणि घरात हात हवे होते. लालासाहेबांची मुलगी लग्नाची झाली होती. नांदत नसलेली आत्या घराण्यात असली की पाहुणे शंका काढतात, असं त्यांचं म्हणणं. आखाडात ते सांगलीला आले आणि सोप्यात बसून निकाल दिला. "पंधरा ऑगस्टपातुर बघतो. शाळेचं काम तडीला गेलं तर ऱ्हा म्हणंन, हिचं पोट हिच्या हातात हाय. न्हाई गेलं, तर गुमान पाटणला जायचं." आत्याबाई म्हणाल्या, जाईल तडीला. वन्संनी नुसत्या चहाच्या कपबश्या उचलल्या.

आता त्या झडपेचं सांगते.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात तळघरातल्या मोरीतून उलटं पाणी आलं होतं. नदी चढली की गटाराच्या नळाचं नदीकडचं तोंड बुडे, आणि सगळ्या गावभागाचं घाण पाणी जिथे सगळ्यात खालचं भोक सापडेल तिथून वर येई. सगळ्यात खालचं भोक आमचं. तेव्हा तिथे नुसता लाकूडफाटा होता, शिवण वर माजघरात चाले, म्हणून फारसं बिघडलं नाही, पण वास दिवाळीपर्यंत गेला नाही. यजमान खडकीला सॅपर्समध्ये, म्हणजे बांधकाम करणाऱ्या पलटणीत होते. कुठल्याशा छावणीत साहेबांच्या बंगल्याला त्यांनी तसली झडप पाहिली होती. स्वतः चित्र काढून त्यांनी ती कोल्हापूरच्या ओतशाळेतून बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतवून आणली. घराचा सगळा सांडपाण्याचा नळ रस्त्याच्या चेंबरला जाण्याआधी तळघराच्या जमिनीतून जात होता. तिथे खड्डा घेऊन ती बसवली, वर लोखंडी झाकण.

तिचं काम सोपं होतं. बिजागरीवर लोंबणारं एक जड तोंड. घरातलं पाणी बाहेर निघालं की ढकललं जाऊन उघडायचं, बाहेरचं पाणी उलटं आलं की दाबलं जाऊन घट्ट बसायचं. यजमानांनी आम्हा सगळ्यांना जिन्यावर बसवून, पलटणीला शिकवावं तसं शिकवलं. झडप मिटलेली असताना बाहेरची घाण आत येत नाही, पण घरातलं पाणीही बाहेर जात नाही. न्हाणीत ओतलेला तांब्या त्या वेळी तळघरात निघणार. म्हणून नदी चढलेली असताना घरातल्या कुठल्याही मोरीत थेंब सांडायचा नाही. हा नेम त्यांचाच.

जुलैत पहिल्यांदा पाणी चढलं तेव्हा आम्ही तो पाळला. भांडी परातीत घासायची आणि पाणी बादलीने रस्त्यावर नेऊन फेकायचं. रस्ता उंच, ते पलीकडच्या उतारावरून निघून जायचं. अंघोळ म्हणजे ओला पंचा. आत्याबाई शेजारणींना सांगत, "कोयनेनं पानी सोडलं आन् माझ्या लेकानं माझी आंगूळ बंद केली. पलटनीत असलंच शिकवत्यात म्हनं." शेजारी जोतिबा मिस्त्रींची मोरी तेव्हा उतू गेली. आमचं तळघर कोरडं ठणठणीत. माणसं जिना उतरून बघायला येत आणि यजमान झाकणावर बुटाने टकटक करून दाखवत. वन्सं मशिनीवरून म्हणायच्या, "बघायचं तर बघा, पर पाय पुसून या. माझ्या पांढऱ्या कापडावर तुमची पावलं नकोत."

ऑगस्ट लागला आणि पुन्हा झड बसली. आयर्विन पुलाच्या खांबावरच्या खुणा बघून येणारे रोज नवा आकडा सांगत. घाट गेले, मसणवट गेलं. झडप मिटली. शाळेचं काम जवळजवळ संपलं होतं; काज-बटणं तेवढी राहिली होती. अशात आत्याबाई गेल्या. दमा होताच. सकाळी चहा घेतला, उशीला टेकल्या, आणि मी कप उचलायला गेले तेव्हा नव्हत्या.

दुपारपर्यंत पलूसची भावकी ट्रकने आली. सोपा, माजघर, अंगण, पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रेत सोप्यात ठेवलं होतं. वन्सं आईच्या पायाशी बसल्या होत्या. मध्येच त्यांच्या काय मनात आलं, उठल्या, खाली गेल्या आणि शिवलेल्या सदऱ्यांचा एक गठ्ठा छातीशी धरून वर आल्या. एवढी माणसं घरात, कोण न्हाणीत जाईल, कोण मोरीवर बसेल, ह्याची त्यांना धास्ती वाटली असणार. शालूबाईंनी जिन्याच्या तोंडाशी अडवलं. "आई हितं आडवी पडलीया आन् हिला चड्ड्यांची पडलीया," असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. बायकांनी वन्संच्या हातातून गठ्ठा काढून कोपऱ्यात टाकला आणि त्यांना परत खाली बसवलं. मी मागच्या मागे जाऊन आणखी एक गठ्ठा आमच्या खोलीत आणून ठेवला. तेवढ्यात प्रेताला अंघोळ घालायला मला हाक आली. ती अंगणात पाटावर घातली, ते पाणी मातीत मुरलं; झडीने भिजलेलं इवलंसं अंगण तेवढ्यानेच तुंबलं.

आमच्यात बापाला थोरला आणि आईला धाकटा अग्नी देतो. त्यामुळे मडकं यजमानांच्या हातात. मसणवट पाण्याखाली असल्यामुळे मिरजेच्या वाटेवरच्या एका माळावर दहन करायचं ठरलं. एरवी मातीला गेलेली माणसं परतताना नदीत बुडी मारूनच येतात. घरी येतात ती ओल्या धोतराने, कडुलिंबाचा पाला चावायला आणि दाराशी टेकायला. त्या दिवशी नदीच्या जवळपास जायची सोय नव्हती. सगळी माणसं राखेने, चिखलाने भरलेली तशीच घरी आली. मातीवरून आलेल्याला अंघोळीशिवाय पाणीसुद्धा पिता येत नाही. म्हणजे सगळ्यांच्या अंघोळी आमच्या न्हाणीत.

चुलीवर हंडे चढलेले बघून वन्संच्या लक्षात आलं. त्या सुटल्या केसांनी दारात जाऊन उभ्या राहिल्या. समोर लालासाहेब, त्यांच्यामागे साखर कारखान्याचे एक संचालक. त्यांच्याच पुतण्याशी लालासाहेबांच्या मुलीची बोलणी चालली होती, ते आम्हाला मागाहून कळलं.

"दादा, आंगुळी रस्त्यावर करा," वन्सं म्हणाल्या. "आडाचं पानी मी शेंदून देते. पायजे तर चादर धरते. न्हाणीत नगो. न्हाणीतलं सगळं खाली उतरतंय, माझी कापडं हायती."

"पाव्हणं आल्यात मातीला. त्यास्नी रस्त्यावर उघडं बसवू व्हय?"

"दादा, आवं, चार दिसांवर पंधरा ऑगस्ट आलाय. तुमीच बोलला हुता."

लालासाहेबांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. "आईच्या मातीदिशी हिशेब नगं मनू. बाजूला हो."

तेव्हा वन्सं यजमानांकडे वळल्या. हे डोकं भादरलेले, कमरेला पावसात भिजलेला पंचा, उघड्या अंगाने सोप्याच्या खांबाला धरून उभे होते.

"किस्ना, तू सांग की रं. झडप तुझी, नेम तुझा. ह्यास्नी सांग पानी कुठं जातंय."

मी हंड्यापाशी होते. मी यजमानांकडे बघत होते. ज्या माणसाने पावसाळाभर मला तांदळाचं धुवणसुद्धा मोरीत ओतू दिलं नाही, त्या माणसाने थोरल्या भावाकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "एवढ्यानं काय होत न्हाई, आक्का."

वन्सं बाजूला झाल्या.

मग अंघोळी सुरू झाल्या. अग्नी देणारा म्हणून आधी हे, मग लालासाहेब, मग पाहुणे, मग भावकी. बादलीमागून बादली. पुरुष झाल्यावर बायका. सोपा धुऊन काढला. आत्याबाईंचं अंथरूण, वाकळ, लुगडी न्हाणीतच आपटून धुतली. संडासात डबे चाललेच होते. वन्संना मध्ये कुणी खाली जाऊ दिलं नाही. लेकीच्या डोक्यावरून पाणी गेल्याशिवाय घर मोकळं होत नाही म्हणून शालूबाईंनी स्वतः त्यांना न्हाणीत बसवून तीन तांबे घातले. त्यांच्या अंगावरून गेलेलं पाणीही त्याच भोकात गेलं.

मग त्यांना सोडलं.

मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले. खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. मशिनींचे पायटे बुडाले होते. पाणी राखाडी, वर साबणाचा फेस, कडुलिंबाची पानं, आणि संडासाचं काय काय. सतरंजी तरंगत होती आणि तिच्यावरचे गठ्ठे एका बाजूला कलून आत गेले होते. पांढरे सदरे फुगून वर आले होते. वन्संनी लुगडं खोचलं, पाण्यात उतरल्या, एक सदरा उचलला, पिळला, बघितला आणि परत पाण्यात टाकला. रडल्या नाहीत. ओली मोरी ओलांडावी तशा चालत मशिनीपर्यंत गेल्या आणि दोन्ही मशिनींची डोकी खिळे काढून सोडवायला लागल्या. मी हात लावला. ती जड डोकी आम्ही दोघींनी वर आणली. वर माणसं पिठलं-भात जेवत होती.

झडपेने तिचं काम चोख केलं होतं. पलीकडून अख्ख्या गावभागाची घाण तिला रेटत होती, आणि एक थेंब आत आला नव्हता. दुसऱ्या दिवशी नदी उतरली, झडप आपोआप उघडली, आणि तळघर बघता बघता रिकामं झालं. जोतिबा मिस्त्री येऊन म्हणाले, हवालदार, तुमची झडप नामी आहे.

तरी मला आशा होती. कापड धुता येतं. मी आणि वन्संनी रात्रंदिवस नाही, पण उजेड असेतो ते सगळं अंगणात सोड्यात उकळलं, निळीत घातलं, झड होती म्हणून चुलीवर दोऱ्या बांधून वाळवलं. पिवळट झाक राहिली, पण लांबून कळली नसती. शाळेचे मुख्याध्यापक भेटायला आले. सज्जन माणूस. त्यांनी सदरा हातात घेऊन शिवण बघितली आणि चांगली आहे म्हणाले. मग खाली मान घालून म्हणाले की पुराचं पाणी असतं तर मी डोळे झाकून घेतले असते. पण मातीवरून आलेल्यांच्या अंघोळीचं पाणी पडलेला कपडा कुठल्या आईबापाला मी पोराच्या अंगात घालायला सांगू? त्यांना हे कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती. शालूबाई दोन दिवस दारात बसून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, न्हाणीचं सगळं पाणी हिच्या कापडावर गेलं बघा, आईचा जीव हिच्यात अडकला होता म्हणून.

वर काढलेल्या दोन गठ्ठ्यांत अख्खी शाळा भागणार नव्हती. कवायत झाली ती पोरांच्या जुन्या सदऱ्यांवर. पुढचं काम शाळेने पेठेतल्या शिंप्याकडे दिलं.

तेराव्याला पाटणहून वन्संचा नवरा आला. सासूच्या दिवसाला जावई आला, मान राखला, म्हणून लालासाहेबांनी त्याला शेजारी बसवून जेवू घातलं. जेवणं झाल्यावर ठरलेलं सांगितलं. कुणी भांडलं नाही. आखाडात सगळ्यांसमोर बोलणं झालं होतं, आणि काम तडीला गेलं नव्हतं. ते का गेलं नाही हे त्या घरात कुणीच काढलं नाही.

वन्संनी एक ट्रंक भरली. मशीन न्यायला नवरा तयार नव्हता; घरात एवढं काम असताना मशीन कशाला, म्हणाला. निघताना त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. लालासाहेबांच्या पाया पडल्या. यजमान दारात होते. त्यांच्यासमोर थांबल्या.

"काय होत न्हाई म्हनलास," त्या हळूच म्हणाल्या. "तुला म्हाईत हुतं किस्ना. दादाला न्हवतं म्हाईत, तुला हुतं."

हे तिथेच उभे राहिले. टांगा बोळाच्या तोंडाशी वळेपर्यंत उभे होते. मला त्यांची तेव्हा दया आली नाही आणि पुढेही फारशी आली नाही. त्यांनी माझा संसार चांगला केला, कधी हात उगारला नाही, मुलं शिकवली. पण दर रक्षाबंधनाला पाटणला मनिऑर्डर करून हे निश्चिंत होत, ते मला कधी सोसलं नाही.

लालासाहेबांच्या मुलीचं लग्न त्याच मार्गशीर्षात संचालकांच्या घरी झालं. ती सुखी निघाली, तिचा काही दोष नव्हता. लालासाहेब पुढे सोसायटीचे चेअरमन झाले, खूप जगले, आणि गेले तेव्हा पलूसची बाजारपेठ दिवसभर बंद होती. शालूबाईंना शेवटी काही आठवत नसे. मला बघून त्या विचारत, मनू कुठं गेली, तिला म्हणावं माझं पोलकं शिवून दे.

यजमानांना एकोणीसशे ब्याण्णव साली झोपेतच मरण आलं. तळघर त्यांनी त्यानंतर कुणाला वापरू दिलं नाही, मलाही नाही. ते गेल्यावर मुलांनी घर विकलं. घेणाऱ्याने ते पाडलं. मी आता थोरल्याकडे विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहते. मशिनी मी बरीच वर्षं तेल घालून ठेवल्या होत्या. एक सुनेने वापरली, दुसरी गंजली.

वन्संनी पाटणला सवतीची सेवा केली, तिची मुलं वाढवली. नवरा गेल्यावर त्या मुलांनी त्यांना गोठ्याशेजारची खोली दिली. यजमान होते तोवर, बोळातल्या घरातूनच, मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, चला माझ्याकडे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझं घर लय खाली हाय गं." मग मला चहा केला. त्या गेल्याचं पत्र आम्हाला पाचव्या दिवशी मिळालं. मातीला आमच्यातलं कुणी नव्हतं. सुतक धरायचं राहिलेलं असेल तेवढं धरा, असं सवतीच्या मुलाने खाली लिहिलं होतं.